अर्ध्या करंगळीचा पंजा

ते जुनं घर माझ्या बाबांनी तीस वर्षं उभं ठेवलं, असं म्हटलं की लोक मला हसतात. हसोत. बाबा गवंडी. मालक फिरकायचे नाहीत, भिंतींना ओल, आणि कुणी सिमेंटचं नाव काढलं की बाबांचं डोकं फिरायचं. सिमेंटनं जुनी भिंत आतून सडते म्हणायचे. चुना वर्षभर भिजवायचे, भिंतीतून पडलेला जुना माल चाळून त्यात कालवायचे. जोड कुठे आहे ते दाखवूनही दिसायचा नाही. इथेच घोडं पेंड खातं.

मी पाच वर्षांची असताना जिन्याखालच्या ओल्या गिलाव्यावर पंजा उमटवला. दारात सापडून माझ्या करंगळीचं पेर आधीच तुटलं होतं. बाबांनी पुसायला थापी उचलली, पंजाकडे पाहिलं आणि थापी खाली ठेवली.

गेल्या वर्षी घर जतन करायचं ठरलं. तज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी निकाल दिला की जिन्याखालची भिंत दोनशे वर्षांपूर्वीची, आणि पंजा मालकांच्या घराण्यातल्या एखाद्या मुलाचा. दारावरच्या पाटीवर मालक, देणगीदार, झाडून सगळ्यांची नावं येणार होती. बाबांनी जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. या पाटीच्या कोपऱ्यात मात्र त्यांना आपलं नाव हवं होतं.

"ही भिंत तुमची कशावरून, काका?" बाईंनी विचारलं.

बाबांनी मला पुढे केलं. मी पंजाशेजारी हात टेकवला. चाळिशीतला हात पाच वर्षांच्या ठशात कुठला बसतोय, पण बाईंनी वाकून दोन्ही करंगळ्या ताडून पाहिल्या आणि मान डोलावली. मला वाटलं, जिंकलो.

"तुमचं खरं असेल तर ही भिंत खरवडावी लागेल," त्या हळूच म्हणाल्या. "घर बांधलं तेव्हाचं तेवढंच ठेवायचं, नंतरचं काढायचं, असा नियम आहे. तुमचं आणखी कुठे कुठे काम आहे इथे?"

बाबांनी जिन्याकडे पाहिलं, खिडक्यांच्या कमानींकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझंच चुकलं, मॅडम. वय झालं, गोंधळ होतो. भिंत जुनीच आहे."

"बाबा, काय बोलताय तुम्ही?"

"तू गप्प बस."

बाईंना सगळं कळलं होतं. त्यांनी वही मिटली. मला त्यांचा राग आला, बाबांचा त्याहून जास्त. दोन दिवस मी बाबांशी बोलले नाही.

आता बाई काम संपवून गेल्या, घर बघायला लोक येतात. पंजावर काच आहे, खाली लिहिलंय, 'घराण्यातील बालकाचा हात. कारागीर अज्ञात.' परवा बाबा मला घेऊन गेले. काचेच्या वर, भिंतीला केसाएवढी भेग पडली होती. बाबा तिथेच थांबले.

"एवढीशी आहे, चुन्यानं बुजेल," ते रखवालदाराला म्हणाले. "उद्या मी येऊन भरतो. काही देऊ नका."

"नको आजोबा, माणूस सांगितलाय," रखवालदार म्हणाला. "सकाळी येऊन सिमेंट भरून जाईल. जरा मागे व्हा, लोकांना बघू द्या."

बाबा मागे झाले.