माझा प्रोग्राम आणि त्यांचे कूलर

ऐंशीच्या दशकात मी रामदासपेठेतल्या एका ऑफिसात प्रोग्रामर होते. कॉम्प्युटरच्या खोलीला एसी होता, तो मशीनसाठी. काचेपलीकडच्या हॉलमध्ये पंच ऑपरेटर बायका कार्डांना भोकं पाडत बसायच्या, त्यांना कूलर. दोन्ही एकदम चालले की फ्यूज उडायचा, म्हणून मशीन सुरू झाली की कूलर बंद. परीक्षांचे निकाल नेमके नवतपात, मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आमच्याकडे यायचे आणि माझा निकालाचा प्रोग्राम दुपारी बारा ते चार चालायचा. तेवढा वेळ बायका मानेवर ओला रुमाल टाकून काम करायच्या. त्यांतल्या एकीला सातवा महिना होता. मला वाईट वाटायचं, पण त्यात माझा काही दोष असेल हे मनातही यायचं नाही. माझे निकाल चोख असत आणि त्याचा मला तोरा होता.

आमच्या म्हाताऱ्या वायरमनने एकदा मशीनच्या विजेच्या मीटरसमोर स्टूल टाकलं आणि चकतीचे फेरे मोजायला सुरुवात केली. दोनतीन दुपारी मोजून झाल्यावर वही घेऊन माझ्याकडे आला. "मॅडम, तुमचा प्रोग्राम लय लाइट खाते."

मी उसळलेच. "प्रोग्राम कशाला वीज खाईल? खाते ती मशीन."

"मशीन तं खातेच. हिशोब करून राह्यली तरी खाते, नुसती टेप फिरवून राह्यली तरी खाते. पण थे टेप घडीघडी मांगं काहून जाते?"

मी ऐटीत समजावलं. कार्डांवरचे सगळ्या मुलांचे गुण एका टेपवर उतरवलेले असत. एका कॉलेजची मुलं निवडायला टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, मग मागे न्यायची, मग पुढच्या कॉलेजसाठी पुन्हा पहिल्यापासून.

तो हसला. "म्हंजे हळद आणाले इतवारीच्या बजारात गेले, घरी आले, मंग मिरची आणाले पुन्हा इतवारीत. असं कोनी करते का?"

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्याचं बरोबर होतं, मला राग आला होता तो त्याचाच. मग मुकाट्याने प्रोग्राम बदलला. गुण आधी कॉलेजवार लावून घेतले आणि टेप एकदाच वाचली. तो मीटरपाशी, मी घड्याळापाशी. एक वाजायच्या आत निकाल छापून तयार. विश्वास बसेना म्हणून आम्ही दोघांनी निकाल आणि फेरे दोन्ही पुन्हा तपासले.

मशीन बंद झाली, कूलर सुरू झाले. सातव्या महिन्याची ती बाई खुर्ची ओढून कूलरसमोर बसली आणि तिने डोळे मिटले. 

आणि मी फेऱ्यांची वही घेऊन तडक साहेबांकडे गेले. साहेब खूश झाले, चहा मागवला. "शाबास! म्हणजे रोजचे तीन तास मोकळे झाले." दुसऱ्या दिवसापासून त्या तीन तासांत दुसऱ्या एका कचेरीचं काम सुरू झालं. बारा ते चार मशीन चालू, कूलर बंद. मी भांडले, तर साहेब म्हणाले, "मशीन काय रिकामी ठेवायला आणली आहे?"

त्या दुपारी मी हॉलमधून जाताना सातव्या महिन्याच्या त्या बाईने मला थांबवलं. रुमाल मानेवरच होता. आवाजात राग नव्हता.

"ताई, तुमी आमच्यासाठी केलं, मले मालूम आहे. पण सायबाले सांगतलं काहून?"

मला शाबासकी हवी होती. तिला मात्र मी म्हटलं, सांगावंच लागतं.