मावसाजींचा वॉकीटॉकी

आमच्या मावसाजींशी वाद घालून जिंकेल असा माणूस प्रताप नगरात तरी अजून राहायला आलेला नाही. एरवी कोणी वाचत नाही ते सगळं ते वाचतात. औषधाच्या डबीतली घडीची चिठ्ठी, बँकेच्या फॉर्मची मागची बाजू, आणि नव्या वस्तूबरोबर आलेलं वॉरंटीचं पुस्तक तर चष्मा पुसून, पेन्सिलीने खुणा करत. ते जेवताना बोलतात, दात घासताना बोलतात, दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यावर उचलून स्वतःच पूर्ण करतात. मावशीने तर वाक्य संपवायचा नाद केव्हाच सोडला.

त्यांनी वॉकीटॉकीची जोडी घेतली ती एका मित्रासाठी. हे नोकरीपासूनचे मित्र मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. लकवा मारल्यापासून ते अंथरुणाला खिळलेत. मोबाइलची काच त्यांच्या बोटाला जुमानत नाही, पण एक मोठं बटन दाबता येतं. मावसाजींचे गुडघे जिने चढू देत नाहीत. म्हणून रोज दुपारी चहानंतर वॉकीटॉकीवर गप्पा, म्हणजे मावसाजींनी बोलायचं आणि मित्राने ऐकायचं. खरखर आली तर विजेच्या उपकरणांपासून अंतर वाढवा, असं पुस्तकात होतं. मावसाजींनी माझ्याकडून फ्रिज व्हरांड्यात नेववला आणि पुस्तक घेऊन घरोघरी फिरून त्या वेळचे मिक्सर बंद करवले. बाहेरून येणारा अडथळा या संचाने सहन केला पाहिजे, असंही एक कलम होतं. त्यावर ते तडकले. "संच करीन सहन. मी काहून करू?"

एक दिवस त्यांचा आवाज पलीकडे जाईनासा झाला. धरमपेठेतल्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरच्या बाईंनी संच उघडला. नव्या वस्तूची रीतसर पूजा करताना मावसाजींनी ओल्या कुंकवाचं बोट नेमकं बोलायच्या भोकांवर टेकवलं होतं, आणि ते हळूहळू आत झिरपून वाळलं होतं.

"काका, आत ओलं गेलं. वॉरंटी नाही बसत."

"कुंकू लावू नये असं कुठं लिहून आहे? दाखवा मले."

"द्रव पदार्थ लिहून आहे."

"कुंकू द्रव पदार्थ आहे का बाई? नवी गाडी घेतली तं पूजा नाही करत तुम्ही?"

"करते ना. पण इंजिनात नाही टाकत."

पैसे भरले तर दुरुस्ती होईल, पण जोडीतला दुसरा संचही आणून द्या, महिना लागेल, असं त्या म्हणाल्या. मावसाजींनी संच उचलून पिशवीत टाकला. "महिनाभर त्यानं कोणाशी बोलावं? तुमची वॉरंटी ठेवा तुमच्यापाशी," म्हणाले आणि ताठ मानेने पायऱ्या उतरले. त्या घटकेला मला त्यांचा फार अभिमान वाटला.

तेव्हापासून त्या संचावर मावसाजींना नुसतं ऐकू येतं. हाक मारायचं बटन तेवढं चालतं. ते दाबलं की पलीकडे टुक वाजतं, आणि मित्राला कळतं की हा माणूस ऐकतोय.

परवा गेलो तेव्हा संच कानाशी धरून मावसाजी बसले होते. मित्र एकेक शब्द जुळवत, मोठ्या भावाने घर सोडलं त्या दिवसाचं सांगत होते. शब्द अडला की मावसाजींचे ओठ हलायचे, पण ते थांबायचे आणि बटन दाबायचे. मी हळूच म्हटलं, "मावसाजी, नवी जोडी आणून देऊ?"

त्यांनी हातानेच मला थांबवलं.

"राहू दे गा. याले भाऊ होता, हे मले आज समजून राहिलं."