चुकीसकट वेळ सांगणाऱ्या ताई

किती वाजले असं विचारलं, की ताई आधी आपलं घड्याळ कितीने चुकत असेल ते सांगायच्या आणि मग वेळ. पनवेल स्टँडवरच्या अनोळखी माणसांचीही यातून सुटका नसे. गव्हाणला भाच्याच्या लग्नात अक्षता पडल्याबरोबर त्यांनी भटजींना विचारलं, मुहूर्त किती अलीकडे-पलीकडे झाला? थोरला भाऊ शांतपणे म्हणाला, "बाय, तुजी लॅब खारघरला हाय. हितं जेव."

त्या लॅबमध्ये ताईंच्या हाताखाली आम्ही अणुघड्याळ बांधत होतो. स्ट्रॉन्शियमचे अणू लेसरने इतके गारठवायचे, की ते जवळजवळ हलेनासे होतात. मग त्यांना प्रकाशाच्याच जाळीत धरून ठेवायचं. त्यांच्या आतली लय हाच घड्याळाचा ठोका. पण भोवतालच्या डब्याच्या भिंतींची नुसती ऊबही ती लय बिघडवते. म्हणून ती ऊब मोजायची आणि तेवढी चूक वजा करायची. एवढ्याशा संशयावरून ताई आठवड्याचं काम फेकून द्यायच्या, आणि आम्ही मनातल्या मनात चरफडायचो.

लॅबच्या संचालकांनी घड्याळाचं उद्घाटन ठरवलं. पाहुणे, शाली, फेटे, सगळं आलं. फलकावर अचूकतेचा आकडा तेवढा हवा होता. नेमका तेव्हाच ताईंना ती ऊब मोजणाऱ्या एका तापमापकाचा संशय आला आणि त्यांनी आकडा द्यायला नकार दिला. संचालकांनी परोपरीने समजावलं, की चूक असलीच तर इतकी बारीक असेल, की आपल्या हयातीत कुणाला सापडायची नाही.

"सापडणार नाही, म्हणूनच आपण सांगायची," ताई म्हणाल्या.

मग प्रकल्प दुसऱ्याकडे जाईल, असं संचालकांनी सुनावलं. तेव्हा ताईंच्या तोंडी एकदम गावची बोली आली. "जाव दे. खोटा आकडा मी नाय देनार."

प्रकल्प गेला. नव्या प्रमुखांनी तोच तापमापक ठेवून आकडा थाटात जाहीर केला. ताई आता खांदा कॉलनीत बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतात. स्वतः बांधलेल्या घड्याळापाशी त्यांना जाता येत नाही, याचा मला आजही संताप येतो.

घड्याळावरचा शोधनिबंध छापायची वेळ आली, तेव्हा संचालकांनी मला बोलावलं. त्यावर नाव असल्याशिवाय माझी पीएचडी पुरी होणार नव्हती. मी म्हटलं, तापमापक बदलून पुन्हा मोजा, मग माझं नाव घाला. त्यांनी बदलला नाही. निबंध माझ्या नावाशिवाय छापला गेला, आणि पीएचडी अजून अडकलेली आहे. राहू दे अडकलेली.