पडायला शिकवणारा दिनू

फोनवर वहिनी रडत होत्या, पण आवाजात रागही होता. "भाऊजी, हे गेले. आन् सगळ्यायले सांगा, पडले नाहीत. चहा पिता पिता खुर्चीतच गेले." सकाळपासून येणारा प्रत्येक जण 'पडले का?' असंच विचारत होता म्हणे. आमच्या कॉलनीतल्या अर्ध्या सेक्टर ६ ला पडायला शिकवणारा माणूस पडून गेला, ही बातमी पसरलेली त्यांना चालणार नव्हती. मला त्या क्षणीही हसू आलं... दिनूलाही आलं असतं.

दिनकर आणि मी स्टील प्लांटच्या एकाच ऑफिसात क्लार्क. क्वार्टरमागच्या अंगणात तो दर रविवारी सकाळी ज्यूदोचा क्लास घ्यायचा. कापसाच्या जुन्या गाद्या, पांढरा ड्रेस, काळा पट्टा आणि पट्ट्यावर ओघळलेलं पोट. खुर्सीपारच्या एका पेट्रोल पंपावर रांगेवरून कोणीतरी माझ्या पोरीदेखत मला थोबाडीत मारली होती. ते फार सलत होतं. आता मारायला शिकायचंच, म्हणून मी दिनूकडे गेलो. चार महिने झाले तरी आम्ही आपले पडतच होतो. पुढे पडा, मागे पडा, कुशीवर पडा, उठा.

"मारणं कधी शिकवशील बे?"

"आधी पडणं तर पक्कं होऊ दे," म्हणत तो नजर चुकवून गादी झटकायला लागायचा.

मग एका रविवारी शेजारच्या जामुलचा एक तरुण ज्यूदो मास्तर आला. खऱ्याखुऱ्या पदकांचा. "सरजी, एक दोस्ताना मुकाबला हो जाए." दिनूला दरदरून घाम फुटला, पण सगळे बघत होते. मास्तरने त्याला उचलून आपटलं. दिनू इतका सुरेख पडला की टाळ्याच पडल्या. उठून वाकून नमस्कार केला, म्हणाला, "और एक बार." असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी मास्तरच धापा टाकत गादीवर बसला आणि दिनूच्या पाया पडला. "सर, आपको तो कुछ होता ही नहीं!"

त्या दुपारी दिनूने मला पेरूच्या झाडामागे नेलं. "मले मारताच येत नाही रे. नागपूरले शिकून राहिलो होतो, तं पडणं शिकवलं आन् गुरुजीची बदली झाली. पट्टा तं ड्रेससोबतच भेटला. कोणाले सांगू नको, लोक हसतील." दर रविवारी ही धाकधूक घेऊन तो गादीवर उभा राहत होता. मी शब्द दिला आणि वीस वर्षं पाळला. क्लासही सोडला नाही. पंपावरचा तो माणूस पुढे दोनदा दिसला. दोन्ही वेळा मी रांगेतली जागा सोडली नाही. मारणं मात्र मला आजही येत नाही.

तेरावं झालं आणि पुढच्या रविवारी सगळे आपणहून अंगणात जमले. आता क्लास मी घ्यावा म्हणू लागले. मी घाबरलो. माझ्यामुळे दिनूचं बिंग फुटेल या भीतीने चाचरत म्हणालो, "मले मारणं शिकवता येत नाही."

दवाखान्यात नर्स असलेली सुनीता हसली. "सरले तरी कुठी येत होतं, काका? आमाले पयल्याच महिन्यात समजलं होतं."

"सगळ्यायले?"

"सगळ्यायले."

"मंग इतकी वर्षं कावून येत होता?"

"मारणारे तं घरी, ऑफिसात, रस्त्यावर, सगळीकडेच आहेत. इथं कोणी मारत नव्हतं."

दिनूला हे एकदा तरी सांगायला हवं होतं... पण गाद्या अंथरून झाल्या होत्या. मी चपला काढल्या. आम्ही पंधरा-वीस जण एकदम धाडकन पडलो आणि दारात उभ्या वहिनी कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या.