वहिनींचा डाव

कारखान्यामागं चिपाडाचा ढीग वाढत जातो ना, तसेच आमच्या कॉलनीत किस्से साचत गेले. चिपाड निदान बॉयलरच्या पोटात तरी जातं. किस्से मात्र तिथंच पडून राहतात आणि कुणी पाय ठेवला की घसरतात!

आमची कॉलनी कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्याची. गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. शेजारच्या नलिनीवहिनींचा भाऊ अनंता अमेरिकेहून महिनाभराच्या रजेवर आला, तो चक्क एक टीव्ही आणि टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा घेऊन! कस्टमवाल्यांनी बजावून सोडलं होतं, की जाताना सगळं परत न्यायचं. म्हणजे खेळायचं ते त्या महिन्यातच.

आमच्याकडे तेव्हा टीव्हीचं प्रक्षेपण पोचतच नव्हतं. तरी पहिल्या संध्याकाळी सगळी कॉलनी जमली. पडद्यावर दोन पांढरे चौकोन आणि मध्ये एक ठिपका. बस्स!

वहिनींच्या सासूबाई, आक्का, मूळच्या शेवगावकडच्या. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "अनंता, एवढं दाखवायला इमानानं आलास व्हय?"

---

अनंता बिचारा समजावून सांगायचा. चौकोन म्हणजे आपण, ठिपका म्हणजे चेंडू. एक चकती फिरवली की चौकोन वर-खाली जातो, दुसरी फिरवली की आडवा सरकतो. बटण दाबलं की चेंडू निघतो. तो आपल्या चौकोनानं अडवायचा, की परत समोरच्याकडे जातो. हुकला की समोरच्याला गुण. आणि तिसरी चकती फिरवली, की मारलेला चेंडू वाटेतच वळतो!

कारखान्याच्या केमिस्टसाहेबांना हे वळणं पटेना. "फसवणूक आहे ही!"

"अवो, बैलबी वळतो," आक्का म्हणाल्या. "कासरा आपल्या हातात असला म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवसापासून आक्कांना हरवणं मुश्कील झालं.

---

तो डबा गुण मोजत नसे. ते आपले आपणच मोजायचे. मग काय, वहिनींचे यजमान सुधाकरराव आणि केमिस्टसाहेब यांच्यात रोज खडाजंगी! शेवटी पंच म्हणून काट्यावरच्या क्लार्कला बसवलं. दिवसभर उसाच्या गाड्यांचं वजन करणारा माणूस, आकड्यांत पक्का.

ऊस घालायला आलेले एक म्हातारे बागायतदार दारात उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "काट्यावरचा मानूस बसवलाय? मग खेळनाऱ्यांनी गुणांत थोडी घट धरूनच खेळावं!"

क्लार्क त्या दिवशी उठला तो परत बसलाच नाही.

---

या सगळ्यात नलिनीवहिनींना खेळायलाच मिळत नव्हतं. टीव्ही त्यांच्या घरात, भाऊ त्यांचा. पण त्या चकतीला हात लावतात न लावतात तोच कुणीतरी म्हणायचं, "वहिनी, चहा!" की त्या उठल्या. कणीक मळतानासुद्धा त्यांचं लक्ष बाहेरच्या खोलीत. बोटं आपली परातीच्या काठावर फिरतायत!

मी म्हटलं, "अहो, सांगा ना एकदा, मला खेळायचंय म्हणून."

"सांगते की," त्या म्हणाल्या आणि आधणात साखर टाकली.

महिना संपत आला, तशी त्यांची घालमेल मलाच बघवेना.

---

एका शुक्रवारी वहिनींकडे हळदीकुंकू होतं. नवी वस्तू घरात आलेली, म्हणून आक्कांनी टीव्हीच्या काचेलाही हळदीकुंकू लावलं. बायका गेल्या. तेवढ्यात केमिस्टसाहेब ड्यूटीवरून आले आणि घाईघाईनं डबा घेऊन बसले.

बराच वेळ ते चौकोन वर नेतायत, खाली आणतायत, ठिपक्यावरून फिरवतायत. ठिपका ढिम्म हलेना! कपाळावर घाम. आम्ही पदर तोंडाला लावून बसलो होतो.

शेवटी ते वळून म्हणाले, "अनंतराव, हा रंगीत चेंडू जड दिसतो हो!"

---

अनंताच्या जाण्याचा दिवस उजाडला. सकाळपासून दोऱ्या, खोकी, जुनी वर्तमानपत्रं यांचा पसारा. टीव्ही सगळ्यात शेवटी बांधायचा होता. पुरुषमंडळी कारखान्यावर. वहिनी हात पुसत बाहेर आल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि सरळ टीव्हीपुढे आक्कांशेजारी बसल्या.

"आत्याबाई, एक डाव?"

"ये की!"

गुण मोजायला मी. आक्कांनी पहिले काही चेंडू असे वळवले, की वहिनींचा चौकोन नुसता धावत राहिला. मग वहिनींना ती चकती गवसली. एक चेंडू परतवला, दुसरा वळवला. आक्का पुढे सरकल्या, मांडी मोडून उकिडव्या बसल्या. बाहेर अनंताला न्यायला जीप येऊन थांबली, तरी कुणी मान वर करेना. बरोबरी झाली! शेवटचा गुण राहिला.

आणि दारात सुधाकरराव. मागे दोन पाहुणे.

"नलू, जरा चार कप चहा टाक गं."

वहिनींचा हात चकतीवरून निघाला. सवयीनं त्या अर्ध्या उठल्यासुद्धा. आक्कांनी नजर पडद्यावरून न हलवता एका हातानं त्यांचा पदर धरला आणि खाली ओढलं.

"सुधाकर, साखर वरच्या फळीवर हाय," त्या म्हणाल्या. "ही उठली तर मी हरवू कुनाला?"