भजनासाठी निवडलेला कर्णा
आमच्या आणे गावच्या देवळात मी भजन म्हणायचो. मागे बसणाऱ्यांना ऐकू येत नाही अशी ओरड झाली, तेव्हा पुढच्या सतरंजीवरच्या तीन शहाण्यांनी माझ्या आवाजालाच नावं ठेवली. जुन्नरच्या एका शेटजींकडे त्यांनी कर्णा लावलेला फोनो, म्हणजे ग्रामोफोन, पाहिला होता. बुवालाही, म्हणजे मलाही, तसलाच कर्णा हवा असं ठरवून त्यांनी गाडी जुंपली आणि मला घेऊन तांबटाचं दुकान गाठलं. तिथे हे तिघं एकेका पितळी कर्ण्यात तोंड घालून स्वतःचंच नाव घेऊन बोंबलत होते. गाणार मी, पण मला कुणी हातसुद्धा लावू दिला नाही. ज्यात त्यांची नावं सगळ्यात मोठ्यानं घुमली, तो कर्णा त्यांनी उचलला.

पुढच्या एकादशीला मी तो तोंडाशी धरला. समोर नेहमीसारख्या या तिघांच्या बैलांच्या आणि सोयरिकींच्या गप्पा चालल्या होत्या. मागे ऐकू का येत नाही, याचं उत्तर तिथंच मांडी घालून बसलं होतं. मी अभंग ठेवला बाजूला आणि कर्ण्यातून म्हणालो, "आवो, तुमी जरा गप बसा की राव!"

एवढं मात्र पार वेशीपर्यंत ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कर्णा माळ्यावर टाकला. त्याचा आवाज लई मोठा हाय, म्हणे.