आम्हाला न झेपलेलं आमचंच गाणं

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी विशीत होतो, आणि त्याच वर्षी मी लालबागच्या आमच्या चाळीत ड्रम वाजवायला लागलो. त्याआधी ते जमलंच नसतं. रात्रपाळीची माणसं दिवसा झोपायची. रेडिओ जरा मोठा झाला तरी कुणीतरी दार ठोठावायचं. संपात मात्र सगळेच जागे. दिवसभर गॅलरीत बसून असायचे. मी तळमजल्यावर, मंडळाच्या खोलीत, सेकंडहँड ड्रम बडवायचो. एकदा बाबा दारात येऊन उभे राहिले. ते गिरणीत मागावर होते. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बराच वेळ ऐकून ते मालवणीत म्हणाले, "गिरण चालू झाल्यासारख्या वाटता." आणि वर निघून गेले. त्यांची गिरणी पुन्हा चालू झाली नाही.

बँडमध्ये आम्ही तिघंच. गिटारवाला माहीमच्या कोळीवाड्यातला. गाणारा गिरगावचा, बँकवाल्यांच्या घरातला. तो बेस गिटार वाजवत गायचा. आमचं स्वतःचं एक गाणं होतं, भयंकर फास्ट. कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये ते शेवटी वाजायचं आणि पोरं खुर्च्यांवर चढायची. मग बँड आपोआपच संपला. कमावणं भाग होतं. मी लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागलो, गिटारवाल्याने वडिलांची होडी घेतली, गाणारा घरच्यांसारखाच बँकेत गेला.

गेल्या हिवाळ्यात गाणाऱ्याचा फोन आला. त्याच्या जुन्या कॉलेजवाल्यांचा दादरला कार्यक्रम होता, त्यांना आम्ही तिघं हवे होतो. "आणि ते गाणं पाहिजेच म्हणतायत," तो म्हणाला.

प्रॅक्टिसला भेटलो. बाकीची गाणी बरी जमली. त्या गाण्याला मात्र माझा उजवा गुडघा पेडलवर कुरकुरायला लागला. गिटारवाल्याची बोटं जाळी ओढून ओढून जाड झालेली, दोन बोटं थंडीत बधिरच असायची. गाणाऱ्याला दुसऱ्या कडव्याआधीच धाप लागली.

"थोडं स्लो घेऊया," तो म्हणाला. "कुणाला कळतंय?"

"आपल्याला कळंल ना," गिटारवाला म्हणाला. "स्लो केलं तर दुसरंच गाणं होतं ते."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. लय माझ्या हातात. मी दमलो होतो, तरी म्हणालो, "जसं होतं तसंच."

कार्यक्रमात ते गाणं शेवटी आलं. मी काठ्या आपटून जुन्याच वेगात सुरुवात करून दिली. पहिलं कडवं निभावलं. हॉलमधली माझ्या वयाची माणसं उठून उभी राहिली. दुसऱ्या कडव्यात माझा हात कोपरापासून खाली लाकडासारखा झाला. काठी पडेल म्हणून घट्ट धरली, तसा तो आणखी आखडला. लय खाली यायला लागली. मी ती आणत नव्हतो, ती येत होती. गिटारवाला माझ्याबरोबर खाली आला. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. गाणाऱ्याने दोन ओळी सोडल्या. आम्ही गाणं कसंबसं संपवलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांनी मला जास्तच थकवा आला.

स्टेजमागे चहा आला. मला कप उचलता येईना. बायकोने तो माझ्या तोंडाशी धरला. गिटारवाला बाजूला बसून बोटं चोळत होता.

"मला पण झेपत नव्हतं रे," तो म्हणाला.

"मग थांबायचं ना!"

"तू थांबशील म्हणून वाट बघत होतो."

आम्ही दोघं हसलो, पण हसायलाही जोर लागत होता. तेवढ्यात गाणारा आला. आणखी एका ठिकाणाहून बोलावणं होतं. त्याचा चेहरा उजळला होता. गिटारवाला म्हणाला, "येतो. पण ते गाणं नाय."

त्यानंतर आम्ही दोनदा वाजवलंय, मधल्या लयीची गाणी, ते दोघंही खुर्चीवर बसून. लोकांना आवडतं. मागच्या वेळी मागून कुणीतरी ओरडून त्या गाण्याची फर्माईश केली. गाणाऱ्याने न ऐकल्यासारखं करून बेसच्या तारा जुळवायला घेतल्या, जुळलेल्याच होत्या त्या. मी काठ्या मांडीवर ठेवून खाली बघत राहिलो. सुटलो, असं वाटलं. आणि मग घरी पोचेपर्यंत कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.